स्क्रोल सॉवरचे नमुने आणि देवनागरी नावाची पाटी : नव्याने सुरुवात करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लाकडात नक्षी कापण्याची आवड असणारे बहुतेक जण पहिल्यांदा कोणते यंत्र घ्यावे हे विचारतात. माझ्या मते पहिला प्रश्न नमुना कसा वाचावा हा आहे, कारण चांगल्या यंत्रावर चुकीचा नमुना कापला तर तो मोडतोच, आणि विचारपूर्वक काढलेला नमुना साध्या हातकरवतीनेही उत्तम कापता येतो. म्हणून येथे नमुन्याविषयीचे प्रश्न आधी घेतले आहेत. उदाहरण म्हणून घराच्या दारावरची देवनागरी पाटी घेतली आहे, कारण आपल्याकडे नव्याने शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला तीच करायची असते आणि तिच्यात या कामातल्या बहुतेक अडचणी एकत्र भेटतात.

स्क्रोल सॉ म्हणजे नेमके काय? जिगसॉपेक्षा ती वेगळी कशी?

स्क्रोल सॉ ही टेबलावर बसवलेली विजेची करवत असते. तिचे बारीक पाते वरच्या आणि खालच्या अशा दोन भुजांमध्ये ताणून बसवलेले असते आणि ते एका जागी उभे राहून वर-खाली हलते. जिगसॉ हातात धरून लाकडावर फिरवली जाते. येथे उलट लाकूड हाताने पात्यापुढे फिरवावे लागते. पाते दोन्ही टोकांना ताणलेले असल्यामुळे ते जिगसॉच्या पात्यापेक्षा कितीतरी बारीक असू शकते, आणि एक टोक सोडवून ते लाकडाच्या छिद्रातून ओवताही येते. पाटीच्या मध्यभागी, कडेपासून आत न कापता, एखादे फूल कोरून काढणे शक्य होते ते या ओवण्यामुळेच. आपल्याकडे ज्याला जाळीकाम म्हणतात त्यातला मोठा भाग या यंत्रावर करता येतो.

नमुना कसा वाचायचा?

नमुना म्हणजे कागदावरची रेखाकृती. तिच्यात काही भाग काळा किंवा राखाडी भरलेला असतो आणि काही भाग कोरा असतो. बहुतेक नमुन्यांत भरलेला भाग कापून काढायचा असतो, परंतु काही चित्रकार याच्या नेमके उलट करतात, म्हणून नमुन्यासोबतची सूचना वाचल्याशिवाय पाते चालू करू नये. सूचना नसेल तर एक परीक्षा करावी. काढून टाकायचे भाग पेन्सिलीने गडद करून कागद हातभर अंतरावर धरावा आणि उरलेला प्रत्येक भाग बाहेरच्या चौकटीला कोठून तरी जोडलेला आहे का हे बोटाने रेषा गिरवत पाहावे. बोट न उचलता जेथे पोहोचता येत नाही तो भाग बेट आहे. तो कापताच खाली पडेल. जेथे बोट अगदी अरुंद वाटेने जाते तो पूल आहे आणि तो मोडण्याची शक्यता सर्वांत जास्त आहे.

बेटे आणि पूल ओळखता येऊ लागले की नमुन्यांची भीती उरत नाही. सहा मिलिमीटरच्या प्लायवूडवर सुरुवातीला कोणताही पूल तीन मिलिमीटरपेक्षा अरुंद ठेवू नये, असा माझा नियम आहे. हात बसल्यावर दोन मिलिमीटरपर्यंत जाता येते.

पहिला नमुना कोणता निवडावा?

कोयरी. आत एकही छिद्र नसलेली, तळहाताएवढी साधी कोयरी. तिच्यात एक मोठे वळण, एक उलटे वळण आणि एक टोक असते, म्हणजे या कामातल्या तीनही मूलभूत हालचाली एका आकृतीत येतात. अशा पाच-सहा कोयऱ्या कापल्यावर आत लहान कोयरीचे छिद्र असलेली एक कापावी आणि मगच पाटीकडे वळावे. आकाशकंदिलाच्या जाळीच्या फळ्या, गणपतीच्या मखराच्या कमानी किंवा प्राण्यापक्ष्यांची कोडी हे त्यानंतरचे टप्पे आहेत.

देवनागरी नावाची पाटी कापताना इंग्रजी पाटीपेक्षा वेगळे काय लक्षात घ्यावे लागते?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि परदेशी नमुन्यांच्या सूचनांत याचे उत्तर मिळत नाही. रोमन अक्षरे सुटी असतात, त्यामुळे ती एकतर फळीवर चिकटवावी लागतात किंवा त्यांना खाली आधारपट्टी द्यावी लागते. देवनागरीला शिरोरेखा आहे. 'शांतिसदन' असे नाव घेतले तर श, त, स, द, न ही सगळी अक्षरे एकाच आडव्या पट्टीला लटकलेली असतात आणि संपूर्ण शब्द एका तुकड्यात कापता येतो. श आणि ग यांसारख्या अक्षरांचे दोन सुटे भागही शिरोरेखाच एकत्र धरते. ही लिपीनेच दिलेली सोय आहे.

मात्र याच सोयीत तीन अडचणी दडलेल्या आहेत. पहिली अडचण अनुस्वाराची. तो शिरोरेखेच्या वर सुटा असतो, म्हणजेच तो बेट आहे. मी केलेल्या पहिल्याच पाटीत 'शां'वरचा अनुस्वार कापून होताच टेबलाच्या फटीतून भुशात पडला आणि तो शोधण्यात बराच वेळ गेला. तेव्हापासून मी नमुना काढतानाच अनुस्वारापासून शिरोरेखेपर्यंत तीन मिलिमीटर रुंदीची छोटी मान काढतो. ती दुरून दिसत नाही आणि अनुस्वार जागच्या जागी राहतो. पाटी मागच्या फळीवर चिकटवायची असेल तर अनुस्वार वेगळा कापला तरी चालते, परंतु तेव्हा तो सर्वांत आधी कापून डबीत ठेवावा. चंद्रबिंदूसाठी आणि अक्षराखालच्या नुक्त्यासाठीही हेच लागू आहे.

दुसरी अडचण मानेची. द, ट, ठ, ड, ढ, ह, छ ही अक्षरे शिरोरेखेला फक्त एका छोट्या उभ्या मानेने लटकलेली असतात. 'सदन' मधला द जवळून पाहावा : वर जाड पट्टी, खाली भरीव पोट आणि बाहेर झुकलेली शेपटी, आणि या सगळ्याचा भार एवढ्याशा मानेवर. कापताना शेपटीभोवती लाकूड फिरवले की अक्षर थरथरते आणि ती थरथर मानेशी जाऊन थांबते. मान तेथेच मोडते. यावर तीन उपाय आहेत : नमुन्यात मान थोडी जाड काढणे, द ची शेपटी शेजारच्या न च्या दांड्याला तळाशी हलकेच टेकवून दुसरा पूल तयार करणे, किंवा मानेजवळचे काप शेवटी घेणे. मला दुसरा उपाय सर्वांत भरवशाचा वाटतो, आणि नीट काढला तर तो सुलेखनासारखा शोभतोही.

तिसरी अडचण लाकडाच्या तंतूंची आहे. लाकूड तंतूंच्या दिशेने बळकट असते आणि आडव्या दिशेने सहज मोडते. तंतू आडवे, म्हणजे शिरोरेखेच्या दिशेने ठेवले तर शिरोरेखा मजबूत होते, पण द ची मान, न आणि स यांचे उभे दांडे, काना हे सगळे आडव्या तंतूंवर पडून नाजूक होतात. तंतू उभे ठेवले तर दांडे मजबूत होतात आणि शिरोरेखाच अक्षरांच्या मधोमध तडकते. भरीव लाकडात हा पेच पूर्णपणे सुटत नाही. प्लायवूडमध्ये पापुद्रे एकाआड एक उभे-आडवे चिकटवलेले असल्यामुळे तो सुटतो, आणि म्हणूनच पहिली पाटी प्लायवूडचीच असावी असे मी आग्रहाने सांगतो. भरीव सागवानातच पाटी हवी असेल तर तंतू आडवे ठेवावेत, अक्षरे जाड काढावीत आणि मागे पूर्ण फळी द्यावी.

अक्षरे ठेवण्याऐवजी फळीतून कापून काढली, म्हणजे अक्षरांच्या जागी पोकळी ठेवली, तर चालेल का?

चालेल, आणि मागे दिवा लावायचा असेल तर ती पाटी फार सुंदर दिसते. पण नमुना मुळापासून बदलावा लागतो. येथे अनुस्वार केवळ एक भोक असतो, म्हणजे सर्वांत अवघड गोष्ट सर्वांत सोपी होते. उलट म, प, ष यांच्या पोटातला भाग चारही बाजूंनी कापला जातो आणि गळून पडतो; व आणि ब यांचे गोल पोटही तसेच जाते. त्यांना धरून ठेवण्यासाठी रेषा मध्येच तोडून पूल ठेवावे लागतात. शिवाय शिरोरेखा सलग कापली तर ती एक लांब चीर होते आणि अक्षरांमधले लाकूड फक्त खालच्या बाजूने जोडलेल्या जिभांसारखे उभे राहते. म्हणून अशा पाटीत शिरोरेखा प्रत्येक अक्षरानंतर तोडावी.

नमुन्यासाठी अक्षरवळण कोठून घ्यावे?

मुंबईच्या एक टाइप या संस्थेने तयार केलेले मुक्त आणि बालू हे देवनागरी फाँट मुक्त परवान्याखाली विनामूल्य उपलब्ध आहेत. बालूची जाड, गोलसर अक्षरे करवतीला फार मानवतात, कारण त्यांत अणकुचीदार कोपरे कमी आहेत आणि माना जाड आहेत. बारीक-जाड रेषांचे सुलेखनी वळण पहिल्या पाटीसाठी टाळावे. आणखी एक बारीक गोष्ट : काही फाँटमध्ये ल आणि श ही अक्षरे मूळ हिंदी वळणाची असतात आणि दस्तऐवजाची भाषा मराठी निवडल्यावरच मराठीचा पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श मिळतो. ही गोष्ट कापण्याआधी पाहावी. लाकडात चुकलेला ल दारावर वर्षानुवर्षे खुपत राहतो.

नमुन्याचा आकार लहान-मोठा कसा करावा?

इंकस्केप हा विनामूल्य प्रोग्रॅम यासाठी पुरेसा आहे. त्यात अक्षरांचे बाह्यरेषांत रूपांतर करून माना आणि पूल जोडता येतात. आकार बदलताना पुलांची रुंदीही त्याच प्रमाणात बदलते हे विसरू नये. तीन मिलिमीटरचा पूल असलेला नमुना 50 टक्के केला तर पूल दीड मिलिमीटरचा होतो आणि हातात येईपर्यंत मोडतो. नमुन्याच्या कोपऱ्यात नेमकी 10 सेंटिमीटरची रेषा काढावी, छपाईच्या वेळी पानाला जुळवून घेण्याचा पर्याय बंद करावा आणि छापून आल्यावर ती रेषा पट्टीने मोजावी. ए-फोर कागद 21 बाय 29.7 सेंटिमीटरचा असतो, त्यामुळे लांब पाटी दोन पानांवर छापून जोडावी लागते. जोड अक्षराच्या मध्ये न आणता दोन अक्षरांमधल्या मोकळ्या जागेत, शिरोरेखेवर घ्यावा.

कोणते लाकूड घ्यावे?

शिकताना चार किंवा सहा मिलिमीटरचे चांगले प्लायवूड घ्यावे. बर्चचे प्लायवूड मिळाले तर उत्तम, कारण त्याचे पापुद्रे पातळ व सलग असतात. साध्या कमर्शियल प्लायमध्ये आतल्या थरांत पोकळ्या असतात. त्या बाहेरून दिसत नाहीत आणि नेमक्या द च्या मानेत निघतात. दुकानात फळीच्या चारही कडा पाहाव्यात. कडेला फटी दिसल्या तर आतही असणार. दाराबाहेर पाऊस लागणार असेल तर आयएस 710 या मानकाचे मरीन प्लायवूड घ्यावे. आयएस 303 हे सर्वसाधारण वापराच्या प्लायचे मानक आहे आणि त्यातला ओलावारोधक दर्जा घरातल्या पाटीसाठी पुरेसा असतो.

भरीव लाकडांत शिवण मला सर्वांत आवडते. ते हलके, फिकट रंगाचे आणि सहसा न वाकणारे असते. पाइन मऊ असले तरी त्यात मऊ आणि कठीण पट्टे आळीपाळीने येतात, त्यामुळे पाते मऊ पट्ट्यात धावते व कठीण पट्ट्यात अडते. सागवान दिसायला देखणे आणि टिकाऊ असते, पण त्यात सिलिका असल्यामुळे पाती लवकर बोथट होतात, आणि तेलकटपणामुळे गोंद लावण्यापूर्वी जोडाची जागा थिनरने पुसून घ्यावी लागते. एमडीएफमध्ये, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेल्या फळीत, तंतूंची दिशाच नसते म्हणून ते सहज कापले जाते. मात्र त्याची धूळ अतिशय बारीक असते आणि ते फॉर्माल्डिहाइडयुक्त रेझिनने बांधलेले असते, त्यामुळे बंद खोलीत ते कापू नये.

मालाच्या खोक्यांचे पाइन वापरले तर?

वापरता येते, परंतु आधी त्यावरचा शिक्का पाहावा. आंतरराष्ट्रीय मालवाहतुकीच्या लाकडी खोक्यांवर आणि पॅलेटवर आयएसपीएम 15 या नियमानुसार शिक्का असतो. त्यात एचटी अक्षरे असतील तर ते लाकूड उष्णतेने प्रक्रिया केलेले आहे आणि घ्यायला हरकत नाही. एमबी अक्षरे असतील तर त्यावर मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची प्रक्रिया झालेली असते. ते घरात आणू नये. लपलेले खिळे लोहचुंबक फिरवून शोधावेत.

कागद लाकडावर कसा चिकटवावा?

घरात फेविकॉल असतो म्हणून तोच लावला जातो, आणि तेथेच पहिली निराशा पदरी पडते. पाण्यातल्या गोंदाने कागद भिजून ताणला जातो, त्यामुळे मोजून छापलेला नमुना वाकडा होतो, आणि काम झाल्यावर कागद खरवडून काढताना वरचा पापुद्राही उखडतो.

यापेक्षा लाकडाची धूळ पुसून त्यावर मास्किंग टेपच्या पट्ट्या एकमेकींना लागून, एकीवर एक न चढवता लावाव्यात आणि त्या टेपवर काडीच्या गोंदाने (ग्लू स्टिकने) कागद चिकटवावा. काम संपल्यावर टेप उचलली की कागदही निघतो आणि लाकूड स्वच्छ राहते. नाजूक भागावरची टेप मात्र सरळ वर ओढू नये; पृष्ठभागाला जवळजवळ समांतर, सावकाश ओढावी. मूळ नमुना कधीच चिकटवू नये, नेहमी त्याची प्रत वापरावी.

पात्यांचे क्रमांक आणि प्रकार समजत नाहीत. सुरुवातीला कोणते घ्यावे?

पाती साधारण पाच इंच लांब असतात. काहींच्या टोकांना आडवी पिन असते, काहींची टोके साधी असतात. पिनचे पाते बसवायला सोपे असते, पण ते ओवण्यासाठी मोठे भोक पाडावे लागते, म्हणून बारीक जाळीकामाला साध्या टोकाचेच पाते हवे. यंत्र घेताना ते साध्या टोकाची पाती धरते याची खात्री करून घ्यावी. माझ्या दृष्टीने यंत्राच्या निवडीत ही बाब इतर सर्व गोष्टींपेक्षा महत्त्वाची आहे.

क्रमांक जितका मोठा तितके पाते रुंद व जाड असते. सहा मिलिमीटरच्या प्लायसाठी 3 किंवा 5 क्रमांक योग्य आहे. 5 क्रमांकाचे पाते सुमारे एक मिलिमीटर रुंद असते, त्यामुळे दीड मिलिमीटरच्या ड्रिल बिटने पाडलेल्या भोकातून ते सहज जाते. प्लायसाठी शेवटचे काही दात उलटे असलेली पाती मागावीत. ते दात वर येताना खालच्या बाजूचे तंतू कापतात आणि मागची कड फाटत नाही. सर्व बाजूंनी दात असलेली पिळाची पाती नवख्याला आकर्षक वाटतात, कारण लाकूड न वळवता कोणत्याही दिशेला कापता येते, पण त्यांची रेघ जाड व खडबडीत येते. सुरुवातीला ती घेऊ नयेत. पाती मात्र डझनाने घ्यावीत, कारण ती मोडतात आणि बोथटही होतात. लाकूड नेहमीपेक्षा जोराने ढकलावे लागू लागले की पाते बदलण्याची वेळ झाली असे समजावे.

पाते बरोबर बसले आहे हे कसे ओळखावे?

दात खाली रोखलेले असावेत. यंत्राचा प्लग काढून पात्यावरून बोट हलकेच खालून वर न्यावे. ते अडखळले तर दिशा बरोबर आहे. पाते उलटे बसले असेल तर चालू करताच लाकूड टेबलावरून उसळते. ताण तपासण्यासाठी पाते तारेसारखे छेडावे. नीट ताणलेल्या पात्याचा आवाज उंच आणि स्वच्छ येतो. बद्द आवाज आला तर ताण कमी आहे. बाजूने दाबल्यास ते दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त हलू नये.

पाते टेबलाशी काटकोनात आहे का हे तपासायला मला एकच रीत पुरेशी वाटते. दीड इंच जाडीच्या एका लाकडी ठोकळ्यात अगदी छोटी खाच कापावी, यंत्र बंद करावे आणि ठोकळा फिरवून ती खाच पात्याच्या पाठीशी आणावी. पाते वरपासून खालपर्यंत खाचेत अलगद बसले तर टेबल काटकोनात आहे, वर किंवा खाली घासले तर टेबलाचा कोन बदलावा.

भोके कोठे पाडावीत आणि कापण्याचा क्रम कोणता?

भोक नेहमी टाकाऊ भागात, रेषेपासून थोडे आत पाडावे. जेथे टोकदार कोपरा आहे त्याच्या जवळ पाडले तर कापणे सोयीचे होते. खाली टाकाऊ फळी ठेवून ड्रिल करावे, नाहीतर मागची बाजू फाटते. भोकांच्या मागच्या बाजूचे कुसळ पॉलिश पेपरने घासून काढावे, कारण ते टेबलावर अडकते आणि लाकूड सरकत नाही.

क्रम आतून बाहेर असा असतो. आधी अक्षरांच्या पोटातली लहान छिद्रे कापावीत, मग अक्षरांमधल्या मोठ्या मोकळ्या जागा, आणि अगदी शेवटी पाटीची बाहेरची कड, कारण ती असेपर्यंत धरायला जागा असते आणि सगळी फळी ताठ राहते. मोठी पोकळी आधी काढली तर भोवतीचे बारीक काम करताना फळी झुलते. 'शांतिसदन' मध्ये मी प्रथम स चे पोट, मग श च्या दोन भागांमधली जागा, ति ची वेलांटी आणि त यांमधला भाग, शेवटी द ची मान, असा क्रम ठेवतो आणि तो नमुन्यावर लाल पेनाने आकडे घालून लिहितो.

सरळ रेषा कापताना पाते एका बाजूला जाते. माझे काय चुकते?

बहुतेक वेळा काहीच चुकत नाही. दात पाडताना पात्यांच्या एका बाजूला धातूची सूक्ष्म कड राहते. ती बाजू जास्त कापते आणि काप सहसा उजवीकडे ओढला जातो. म्हणून लाकूड अगदी सरळ न ढकलता किंचित तिरपे धरून सरकवावे लागते. हा तिरपेपणा किती हवा ते प्रत्येक नव्या पात्यासोबत टाकाऊ तुकड्यावर पाहून घ्यावे. ओढ फारच जास्त असेल तर ताण कमी आहे किंवा पाते बोथट झाले आहे. नजर पात्यावर न ठेवता त्याच्या थोडे पुढे, रेषेवर ठेवली की हात आपोआप सावरतो.

टोकदार कोपरा गोल होऊन जातो. तो तीक्ष्ण कसा करावा?

कोपऱ्यापर्यंत जाऊन थांबावे, लाकूड केसभर मागे घ्यावे, पाते टाकाऊ बाजूला हलके टेकवून तेथेच लाकूड फिरवावे आणि नव्या रेषेवर निघावे. फिरवताना पुढे ढकलू नये. बाहेरच्या कोपऱ्यात आणखी सोपे आहे : रेषा ओलांडून टाकाऊ भागात जावे, तेथे एक छोटा फेरा घ्यावा आणि दुसऱ्या रेषेवर परत यावे.

कड काळी पडते, जळते. उपाय काय?

गती कमी करावी, पाते बदलावे, आणि नमुन्यावर रुंद पारदर्शक पॅकिंग टेप लावावी. टेपवरचे आवरण पात्याचे घर्षण कमी करते. सागवान आणि शिसवी यांसारख्या कठीण लाकडांत या टेपने आश्चर्य वाटावे इतका फरक पडतो.

एकाच वेळी दोन-तीन पाट्या कापता येतील का?

येतील. तीन मिलिमीटरच्या तीन फळ्या एकावर एक ठेवून कडा टेपने घट्ट बांधाव्यात आणि टाकाऊ भागात बारीक खिळे मारावेत. ही युक्ती जुनी आहे. फ्रान्समधला आंद्रे-शार्ल बूल (1642–1732) हा कारागीर पितळ आणि कासवाच्या कवचाचे पत्रे असे एकत्र कापून एकातली आकृती दुसऱ्यात बसवीत असे. दोन वेगळ्या रंगांची लाकडे घेऊन आपल्यालाही हे करता येते. आकाशकंदिलाच्या सारख्या बाजूंसाठी तर हीच पद्धत वापरावी, कारण सुट्या कापल्या तर त्या कधीच तंतोतंत सारख्या येत नाहीत.

यंत्र घेताना काय पाहावे? अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून आणले तर चालेल का?

घशाची खोली, म्हणजे पात्यापासून मागच्या खांबापर्यंतचे अंतर, 16 इंच असले तरी घरगुती कामाला पुरते. गती कमी-जास्त करण्याची सोय असावी. अनेक यंत्रांत ती मिनिटाला 400 पासून 1600 फेऱ्यांपर्यंत असते. थरथर कमी हवी, त्यासाठी यंत्र जड लाकडी बाकावर बोल्टने बसवावे.

अमेरिकेतले यंत्र 120 व्होल्ट आणि 60 हर्ट्झसाठी बनवलेले असते, आपल्याकडे 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ असतात. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरवता येते, वारंवारता बदलत नाही. इंडक्शन मोटर, म्हणजे जिची गती वारंवारतेवर ठरते अशी मोटर असेल तर ती हळू चालते आणि तापू शकते. त्यापेक्षा तेथून उत्तम पाती मागवावीत. ती हलकी असतात आणि खरोखर उपयोगी पडतात.

यंत्र परवडत नसेल तर?

यू आकाराच्या चौकटीची हातातली फ्रेटसॉ घ्यावी. तिला हीच साधी पाती चालतात. मेजाच्या कडेला इंग्रजी व्ही आकाराची खाच असलेली फळी शिकंज्याने बसवून तिच्यावर काम करावे. दात खाली ठेवावेत, म्हणजे काप खाली ओढताना होतो. ती आवाज करत नाही, त्यामुळे फ्लॅटमध्ये रात्रीही वापरता येते. वेळ अर्थातच बराच जास्त लागतो.

कोणती काळजी घ्यावी?

डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर एन-95 मास्क रोज घालावा; पाते मोडताना फटाक्यासारखा आवाज होतो आणि तुकडा उडू शकतो. सैल बाह्या, ओढणी आणि मोकळे केस आवरावेत. बोटे पात्याच्या समोर न ठेवता दोन्ही बाजूंना ठेवावीत. पाते बदलताना किंवा ओवताना प्लग काढावा, केवळ बटण बंद करून भागत नाही. शिसवीच्या धुळीने काहींच्या त्वचेला खाज येते. तसे झाल्यास ते लाकूड सोडून द्यावे.

इंटरनेटवर मिळालेला नमुना कापून विकता येतो का?

नमुना ही कलाकृती आहे आणि भारतात 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार तिचे हक्क कलाकाराच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षे राहतात. विनामूल्य मिळालेल्या नमुन्यावरही बहुधा घरगुती वापराचीच मुभा असते, म्हणून विकण्यापूर्वी अटी वाचाव्यात किंवा कलाकाराला विचारावे. कोयरी, स्वस्तिक, कमळ यांसारखी पारंपरिक चिन्हे कोणाच्याही मालकीची नाहीत. ती स्वतः काढावीत.

पाटी कापून झाली. तिला शेवटचा हात कसा द्यावा?

आधी मागच्या बाजूची कुसळे 220 नंबरच्या पॉलिश पेपरने, ठोकळ्यावर गुंडाळून, हलक्या हाताने काढावीत. घासताना पाटी सपाट फळीवर ठेवावी आणि शिरोरेखेच्या दिशेने घासावे. उभे घासले तर कागद द च्या शेपटीत अडकतो. छिद्रांच्या आतल्या कडांसाठी पेपरची अरुंद पट्टी कापून ओवावी. भुसा ब्रशने झटकावा, ओल्या फडक्याने पुसू नये, नाहीतर तंतू फुगतात.

जवसाचे तेल दिल्यास लाकडाचा रंग खुलतो. जाळीकामात ब्रश फिरवण्यापेक्षा उथळ ताटात तेल घेऊन पाटी बुडवणे आणि नंतर जादा तेल टिपणे सोपे जाते. तेलाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत; ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती उलगडून बाहेर वाळवावीत किंवा पाण्यात भिजवून मग टाकावीत. दाराबाहेरच्या पाटीला तेलाऐवजी बाहेरच्या वापराचे पॉलियुरेथेन पॉलिश द्यावे आणि कापलेल्या कडांना दोनदा जास्त हात द्यावा, कारण प्लाय पाणी पिते ते कडेतून.

कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी पाटी जून ते सप्टेंबरमध्ये पॉलिश करू नये; दमट हवेत पॉलिशवर पांढरट झाक येते. त्या महिन्यांत यंत्राच्या टेबलालाही गंज चढतो, म्हणून आठवड्यातून एकदा फर्निचरचे मेण चोळावे. पाटी भिंतीवर लावताना मागे पाच मिलिमीटरच्या लाकडी चकत्या द्याव्यात, म्हणजे भिंतीची ओल लागत नाही आणि सकाळच्या उन्हात अक्षरांची सावलीही भिंतीवर पडते.